घोड्याला पावडर

मावशी: आणि खबरदार, ओरखडा आला तर! माझ्या बाबांनी स्वतः ओतलेला पितळी घोडा आहे हा.

भाची: अगं, हात कुठे लावतेय मी? हे यंत्र नुसतं भोवती फिरवायचं, की कॉम्प्युटरवर अख्खा घोडा उभा राहतो. मग आमच्या संग्रहालयाच्या साइटवर जगभर दिसेल. पण मावशी, तू हा घासलास?

मावशी: घासलास म्हणजे? सकाळपासून लिंबू लावून खांदे गेले माझे. जगाला काय काळाकुट्ट दाखवू?

भाची: इतका चकाकतोय की यंत्राला काही दिसेना. हे बघ, पाय आले, शेपूट आलं. मधला घोडाच गायब!

मावशी: यंत्रच आंधळं तुझं.

भाची: थोडी पावडर लावूया. तुझी तोंडाची चालेल.

मावशी: घोड्याला पावडर! लग्नाला निघालाय का?

(पावडर लागते. यंत्र पुन्हा फिरतं.)

भाची: आला! बोटाने फिरव.

मावशी: अगं बाई, पोटाखालूनसुद्धा! बाबांनी किती शिताफीने लपवला होता तो जोड. गेली अब्रू! ...हे तुझ्या आईच्या मोबाईलवर दिसेल?

भाची: दिसेल की.

मावशी: सहज विचारलं. या घोड्यापायी ती माझं तोंड बघत नाही. घोड्याचं तरी बघू दे.

भाची: म्हणून तर प्रिंटरमधून असाच दुसरा काढणार आहे. प्लॅस्टिकचा, वर पितळी रंग. एक तुला, एक आईला. मिटलं भांडण!

मावशी: आणि खरा कोणाला?

भाची: आई म्हणते, थोरलीने मन मोठं करावं.

मावशी: धाकटीने तोंड लहान करावं! ...बरं, ने खरा तिलाच. मग बोलेल माझ्याशी?

भाची: फोन करेल ना. आभार मानेल.

मावशी: नुसता फोन?

भाची: तिचा स्वभाव तुला माहीत आहे.

मावशी: आणि खोटा पाठवला तर?

भाची: छे! हलका असतो गं तो. उचलताक्षणी कळेल तिला. मग काय, घोडा पिशवीत घालून तश्शी तुझ्याशी भांडायला येईल.

मावशी: इथे? घरी?

भाची: मग कुठे? चपलासुद्धा न काढता.

मावशी: मग खोटाच ने. मी दाराला कडी घालत नाही.