मिठागरातली फळी

बायांनो, माझ्या लग्नाच्या पलंगाला उशाकडची फळी माझ्या बानं स्वतः केलेली. मिठागरात पाणी अडवायच्या दाराचं जुनं लाकूड तासून त्यानं त्यावर मोर कोरला. आगगाडीत घेईनात, तर कल्याणपर्यंत, माझ्या सासरी, डोक्यावरून आणली.

पावसाळ्यात ते खारं लाकूड पाझरायला लागलं. रोज सकाळी माझी उशी ओली! सासूबाईंनी उशीला बोट लावून चाखलं, खारट लागलं, आणि त्यांनी बाला बोलावणं धाडलं.

"व्याहीबुवा, पोर रात्रभर रडते. घेऊन जा तिला."

"आत्याबाई, मी नाही हो, फळी रडते!" मी सासूबाईंना म्हटलं.

बानं फळीवर हात फिरवला, ती उपसली आणि अंगणात कुऱ्हाडीनं फोडली.

"अहो, मोर तरी ठेवायचा!" सासूबाई ओरडल्या.

त्या रात्रीपासून उशी कोरडी, आणि मी सासरीच राहिले. बा मात्र पुन्हा त्या दारात आला नाही.