अस्वल अंग घासतं ती चौकट

वहिनी: ...आणि चौथ्या दिवशी वानरानं ह्यांचा चष्मा परत आणून ठेवला. ह्याच कठड्यावर, घडी घालून. नंबर जुळला नसणार.

भावजी: वहिनी, पुरे. मी गोष्टी ऐकायला आलो नाही. सुतार आणलाय, जाळी आणलीय. आज सगळ्या खिडक्या आणि मागचं दार बंदिस्त होणार. कबूल नसेल तर घराला कुलूप, आणि थंडीच्या आत तुम्ही माझ्याबरोबर शहरात.

वहिनी: कुलूप? कुणाच्या घराला?

भावजी: निम्मं माझ्या नावावर आहे.

वहिनी: मग निम्म्याला लावा. उरलेल्यात मी आणि घुबड राहू. तुमच्या निम्म्यात छप्पर गळतं, ते आधीच सांगून ठेवते.

सुतार: साहेब, ही खिडकी मिटत नाही. बिजागरीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलंय.

भावजी: फोडा ते.

वहिनी: खबरदार! अकरा वर्षं ती खिडकी मिटलेली नाही. दर उन्हाळ्यात कुंभारीण येते, चिखलाच्या गोळ्या आणते, पोरांची सोय लावते आणि मुकाट निघून जाते. काही पाहुण्यांना तेवढीही रीत नसते. सुतारदादा, फोडलंत तर दुपारचा चहा स्वतःचा स्वतः करायचा.

सुतार: मी मागच्या दाराचं बघतो.

भावजी: बघा. आणि तुम्ही जरा डोळे उघडून बघा, वहिनी. साखरेत मुंग्या, माळ्यावर वटवाघळं, न्हाणीघरात बेडूक, अंगणभर हे चतुर भिरभिरताहेत, माणसानं चालायचं कुठून?

वहिनी: मुंग्यांना नावं ठेवू नका. ह्यांची कवळी त्यांनी वाटीतून उचलून वारुळात नेली, अख्खी. तेव्हापासून ते वारूळ पहाटे कराकरा चावतं. ह्यांनी स्वतः कान लावून ऐकलंय.

भावजी: दादाला तुम्हीच बिघडवलंत. तो असा नव्हता.

वहिनी: तो कसा होता, हे तुम्हाला शेवटचं कधी माहीत होतं? चार वर्षं फिरकला नाहीत. मयताला आलात, तेही गाडीचं इंजिन चालू ठेवून.

भावजी: ‘पुन्हा या घरात पाऊल टाकू नका’, हे कोण म्हणालं होतं?

वहिनी: मी. तुम्ही माळ्याचं भोक सिमेंटनं बुजवलंत, आत वटवाघळांची पिल्लं असताना. मी घणानं फोडलं म्हणून जगली. आणि मी म्हटलं होतं. ह्यांनी नव्हतं म्हटलं.

भावजी: मी त्याच्या काळजीनं बुजवलं होतं! शेवटी चावलंच ना त्याला काहीतरी? तुमच्या ह्याच लाडक्या गोतावळ्यातलं. दवाखाना तीन तासांवर, आणि तुम्ही काजवे मोजत बसला होतात.

वहिनी: डॉक्टरनं कागदावर हृदय लिहिलं. तुम्ही त्यात किडा वाचलात.

भावजी: कुणालातरी दोष द्यायला नको?

वहिनी: द्या, मलाच द्या. तुम्हाला काय कळणार म्हणा. तुमच्या शीतगृहात बाराही महिने चार अंश. बाहेर ऊन की पाऊस, बटाट्यांना पत्ता नाही, त्यांच्या मॅनेजरलाही नाही.

भावजी: बटाटे निदान उलट बोलत नाहीत.

वहिनी: तुमच्यासमोर? अंगाला कोंब फुटले तरी तोंड उघडायचे नाहीत बिचारे.

(मागच्या दाराकडून रंधा फिरल्याचा आवाज.)

वहिनी: हे काय? सुतारदादा! थांबा! थांबा म्हणते ना!

भावजी: मी सांगितलंय. दार खाली चौकटीला घासतं, जाळीच्या दाराला जागा हवी.

वहिनी: त्या चौकटीला हात लावायचा नाही, असं सकाळी तुम्ही गाडीतून उतरताउतरताच म्हटलं होतं मी!

भावजी: का, तर म्हणे तिथं अस्वल अंग घासतं.

वहिनी: घासतंच!

भावजी: मग खरं कारण सांगायचं होतं.

वहिनी: खरं सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता.

सुतार: बाई, चुकलं. एकच हात मारला. रंध्यातून निघालेल्या सालीवर अक्षरं दिसली, तसा थांबलो.

भावजी: कसली अक्षरं?

सुतार: पेन्सिलीची. सगळ्या चौकटीवर आहेत, वरपासून खालपर्यंत, उभी. मान वाकडी करून वाचावी लागतात. ‘पाच तारीख. पहिला काजवा.’ ‘घुबडाची पिल्लं उडाली, दोन.’ ‘सावरीचा कापूस घरभर, हिचा रागही.’

वहिनी: ह्यांचं अक्षर. दर वर्षी जे पहिल्यांदा आलं, ते लिहायचे.

सुतार: आणि इथं... ‘चतुर आले. दुसऱ्या दिवशी धाकटा आला. दोन दिवस राहिला. बेडकाला भ्यायला.’

भावजी: मी नाही भ्यायलो.

वहिनी: आंघोळीची बादली घेऊन अंगणात पळालात. तशीच, काही न नेसता.

सुतार: खाली पुन्हा तेच. ‘चतुर आले, धाकटा आला.’ पुन्हा. सात-आठ वेळा तरी असेल.

भावजी: मग?

सुतार: मग तळाशी रंधा लागला, साहेब. ते आता ह्या सालीवर.

वहिनी: द्या ती इकडे.

भावजी: मला द्या.

सुतार: सांभाळून. कुरळी आहे, मोडेल.

भावजी: ‘चतुर आले. धाकटा...’ पुढचं तुटलं वाटतं.

वहिनी: काही तुटलेलं नाही. तेवढंच लिहिलंय. पुढची जागा मोकळी सोडायचे, तुम्ही आलात की भरू म्हणून. खालच्या ओळी बघा, चारही वर्षं तेच.

भावजी: मला कुणी कळवलं नाही.

वहिनी: चतुरांना तरी कोण पत्र घालतं?

सुतार: साहेब, मी काय करू? उभा राहू, का कामाला लागू?

भावजी: रंधा ठेवा. ही साल पुन्हा बसेल?

सुतार: सरस लावून बसवतो. पण जोड दिसेल.

वहिनी: दिसू दे.

सुतार: आणि कुलूप आणलंय ते?

भावजी: राहू दे. जाळी गाडीत टाका.

वहिनी: टाकताय कुठं? कोंबड्यांच्या खुराड्याला लावा. मुंगूस फार सोकावलंय, हल्ली अंडी निवडून नेतं.

भावजी: वहिनी, हे चतुर कधी आले?

वहिनी: परवा. येताना कुलूप नव्हतं आणलं त्यांनी.

भावजी: पेन्सिल आहे का?

वहिनी: चौकटीच्या खिळ्याला बांधलीय. जागा आता उंबऱ्यापाशीच उरलीय. वाकावं लागेल.