बिनपावडरीचा पट्टा

हॅलो? … हो ताई, मीच. बोल. … नाही गं, कामात नाही. आत्ताच पाय धुऊन टेकले.

हो, झालं पाणी देऊन. दोन तास स्प्रिंकलर, तू सांगितलंस तेवढंच. … हो, हो… अगं ऐक ना, सांगतेय. उताराच्या तळाशी दोन्ही पट्ट्यांखाली एकेक बादली लावली होती. तुझ्या माती धरून ठेवणाऱ्या पावडरीच्या पट्ट्यात ढेकळं विरघळली नाहीत, वर पापडी धरली नाही. पाणी बरंचसं मुरलंच. बादलीत आलं ते थोडं, आणि नितळ.

दुसरी, बिनपावडरीच्या पट्ट्याची? … दुसरीही तशीच. … तशीच म्हणजे तशीच, ताई.

मला काय माहीत कसं. … नाही, नोझल तुंबले नव्हते. … वाराही नव्हता.

ह्यांना कशाला मध्ये आणतेस? ते सकाळपासून मोटारीपाशी होते. … नाही, फोन देत नाही त्यांना. … अगं, त्यांनी पावडरीच्या पोत्याला हातही लावला नाही.

मी टाकली.

… हो, मीच. काल संध्याकाळी. … माहितीये गं, तो पट्टा कोरा ठेवायचा होता. त्याच्याशिवाय तुझ्या साहेबांना फरक दिसणार नाही, आणि फरक दिसल्याशिवाय ते बाकी कुणाला पावडर देणार नाहीत. चार महिने त्यांच्या मागे लागलीस तू. सगळं कळतं मला. चुकलंच माझं.

कशासाठी? … थकले गं मी. दर पाण्याला आमची वरची माती खाली जाते. खालच्या शेतातल्या काकूंच्या रोपांवर चिखल बसतो. त्या चकार शब्द काढत नाहीत, आणि मी वाकून एकेक रोप मोकळं करत बसते. मागच्या वेळी निम्मी गेलीच. पोतं समोर असताना अर्धं रान मुद्दाम वाहू द्यायचं… नाही झालं माझ्याच्यानं.

हं. … हं. … पुढच्या आठवड्यात पुन्हा? … शेजारचा पट्टा, कोरा. … ठेवीन. शपथा नको घालूस, ठेवीन म्हटलं ना. पण त्या दिवशी तू इथे ये. … मग रजा काढ. … काही करू नकोस, नुसती माझ्याजवळ उभी राहा. एकटीला नाही बघवत मला ते.

येशील? … बरं. … थांब, काकू दारात आल्यात. आज चिखल आला नाही म्हणून खूश आहेत गं. … ताई, पुढच्या आठवड्याचं त्यांना तूच सांग. देऊ फोन? … हॅलो? … ताई?