आव्वाचा नळ आणि तांबडा दिवा

...आन् वरनं कंपनीवालं मला म्हंत्यात, "सर, गाडीत काही फॉल्ट नाही!" आवं न्हाई तर न्हाई, मग आमच्या दारात चार्जिंगला लावली की तांबडा दिवा का लागतोय? तुमी सांगा. तुमी समदी माज्यासारखीच हितं सांगलीत चार्जिंगच्या रांगंत बसलाय, तुमाला न्हाई कळनार तर कुनाला कळनार? न्हाई न्हाई, बसा, माजा नंबर लय मागं हाय.

तुमाला सांगतो, मी सुकुमार, दुधगावचा. ऊस हाय, घर हाय, आन् घरात आव्वा हाय. आव्वा म्हंजे माजी आई, चंपाबाई. ही गाडी घेतली तीच तिच्यापायी. पेट्रोलच्या वासानं तिला मळमळतंय, बाहुबलीच्या तीर्थाला न्यायची म्हटलं की निम्म्या वाटंत डोकं खिडकीभायेर. म्हटलं, घेऊ विजेची, आव्वा सुखानं जाईल... जाईल म्हंजे दर्शनाला जाईल. आता बोलताना सुदिक जीभ अडकती बगा.

गाडी आली, ओवाळली, चार्जिंगची पिन लावली, तांबडा दिवा. काढली, पुसली, परत लावली, तांबडा. आमची मंडळी चंदना म्हनती, उलटी लावली असंल. आगं, उलटी बसतच न्हाई ती! सांगलीला आनली, हिरवा. विट्याला साडूच्या दारात लावली, हिरवा. घरी आनली, तांबडा. म्हंजे तिला समदं जग पटतंय, फकस्त आमचं घर पटंना. तवापासनं मला जरा कसंतरीच व्हायला लागलं. मुकं जनावर दारात येऊन आत पाय टाकंना, तर आपन म्हंतो का न्हाई, आत कायतरी हाय म्हनून?

कंपनीचा इंजिनियर आला, शंभूराज. लॅपटॉप लावला, घरभर हिंडला, आन् तोंड बारीक करून म्हनाला, "सर, गाडीत काही फॉल्ट नाही. तुमच्या घराला अर्थिंग नाही. ती नको म्हणतेय, तर तिचं ऐका."

अर्थिंग न्हाई? आमच्या बाबांनी हयात असताना सोताच्या हातानं वायर नळाच्या लोखंडी पायपाला गुंडाळलीय! समदा गाव तसंच करतोय. कुठं करंट फुटला तर वायरीतनं पायपात, पायपातनं जमिनीत, विषय संपला. पन मधी नळाची नवी लाईन झाली, आन् जमिनीतला लोखंडी पाईप काढून पिलास्टिकचा टाकला. वर घरात लोखंड, खाली पिलास्टिक. आता फुटलेला करंट नळापतोर येनार, आन् पुढं वाट न्हाई म्हनून तितंच थांबनार. कुनाची तरी वाट बगत. हे आत्ता बोलतोय, तवा कुठलं डोक्यात!

शंभूराज म्हनाला, खड्डा काढा, तांब्याची पट्टी पुरा, मीठ-कोळसा घाला, रोज पानी सोडा. आव्वा दारात हुबी. "चातुर्मास हाय," म्हनाली. झालं. आमा जैनांत चातुर्मासात भुई उकरत न्हाईत, पावसाच्या ओलीनं मातीत किडामुंगी झालेली असती. आन् त्यात मीठ? मिठानं तर गांडूळ जागेवर मरतंय. "दिवाळीनंतर काय खनायचं ते खन," म्हनाली, आन् गेली.

दिवाळीपतोर गाडी काय पुजून ठेवायची?

मग आनला बिराप्पा वायरमन, जतकडचा. त्यानं पिन उघडली, बगितलं, हसला. "हे काय वो सावकार, गाडीत काय फॉल्ट न्हाई की! गाडी नवी हाय, तिला कळंना झालंय. तिला फसवायचं." आन् बोटाएवढा वायरीचा तुकडा घेऊन न्यूट्रल, म्हंजे करंट परत जायची वायर, आन् अर्थ, म्हंजे नळाकडं जानारी, एकमेकाला जोडून टाकलं. पिन लावली. हिरवा! तुमाला सांगतो, पेढं वाटलं मी. मला एकदा बी वाटलं न्हाई, की गाडी फसली म्हंजे धोका गेला असं न्हाई, निस्तं सांगनारं तोंड बंद झालं.

दुसऱ्या दिवशी पहाटं मी गाडी लावली. आव्वा आंघोळ करून ओल्या लुगड्यानं बस्तीत जाती, आमच्यात देवळाला बस्तीच म्हंत्यात. तोंडानं णमोकार मंत्र चाललेला, हात आतल्या आंगनातल्या नळाला. आन् आतनं हाक, "सुकुमार, हाताला झिणझिण्या येत्यात रं!" मी म्हटलं, वय झालं, दाखवू डाक्टरला. ती म्हनाली, "वय न्हाई. नाव घेतलं की येत्यात."

आता ती नाव कवा घेती? मी गाडी लावतो तवा! पन ही दोन टोकं जोडायला डोकं लागतंय.

आव्वानं बस्तीत सांगितलं. बायका म्हनाल्या, अतिशय झाला! अतिशय म्हंजे देवाची करनी. दुसऱ्या दिवशी बनुबाई आली, मग तिची जाऊ, मग समदी गल्ली. ओल्या लुगड्यानं, अनवानी, रांगेनं नळाला हात लावायला. "आलं गं बाई, आलं!" म्हनत डोळं मिटून घ्यायच्या. चंदना समद्यांचा चहा करून दमली. आमचं कुत्रं मातर नळाकडं बगून गुरगुरायचं, आन् जेवान टाकलं तरी आंगनात येईना. मी कुत्र्यालाच दटावलं.

आन् मी काय केलं? शंभूराजला फोन करून ऐट मारली. म्हटलं, सायेब, तुमची डिग्री ऱ्हाऊ दे, आमच्या बिराप्पानं हिरवा दिवा लावला. मग लय हळू इचारलं त्यानं, "सर, गाडी आत्ता लावलीय?" म्हटलं, व्हय. "घरात कुणी पाण्यापाशी आहे?"

तुमाला सांगतो, फोन कानाला लावूनच मी उठलो.

तो सांगत हुता, आता थोडा करंट येतोय म्हनून झिणझिण्या, पन पावसात खांबावरचा न्यूट्रलचा जोड सुटला, तर पुरा करंट नळात, आन् गाडीच्या पत्र्यात बी. मी कुठं ऐकतोय, मी पळत सुटलेलो. आव्वाचा हात नळावर, तिच्या खांद्यावर बनुबाईचा, तिच्यावर जाऊबाईचा, अशी साखळीच! पिन उपसली. आव्वानं डोळं उघडलं आन् लहान पोरागत तोंड करून म्हनाली, "गेलं रं."

मी तितंच बसलो. रडलो, खोटं कशाला बोलू. म्हटलं, आव्वा, करंट हुता त्यो, तू गेली असतीस. आज खड्डा काढतो, मीठ टाकतो, तुजा जीव तरी वाचंल. ती लुगड्याचा पदर पिळत म्हनाली, "माज्या एका जिवापायी तू हजार जीव मारनार? आन् मला इचारलंस?"

बिराप्पाचा तुकडा कापला. गाडीवर परत तांबडा. आव्वाला आन् बायकांना करंट काय पटला न्हाई, अतिशय रुसला म्हनत बसल्या. तवापासनं हितं सांगलीला येतोय, रांगंत बसतोय. म्हटलं, दिवाळीपतोर का हुईना, आव्वा तर वाचली... थांबा, तिचाच फोन हाय.

हां आव्वा, बोल. रांगंत हाय. ...काय? ...सम्मेदच्या घरात? तू शेजारी काय करतीस? ...त्यानं बी विजेची गाडी घेतली? कवा? ...कुनी जोडून दिली? बिराप्पानं? आव्वा, ऐक, हात लावू नगंस, समद्या भायेर या... काय म्हनलीस? आव्वा? आव्वा!

ठेवला.

म्हनाली, काळजी करू नगंस, सम्मेदच्या नळाला आलंय, आमी समद्या हितंच हाय. आन् तुज्यापेक्षा लय जोरात हाय म्हनली.

सम्मेद उचलंना. बिराप्पाचा बंद. चंदना... चंदना बी तितंच असनार, रांगंत, पानी काढत. आता फोन उचलायला त्या आंगनात कुनाचा हात कोरडा हाय?

मंडळी, तुमच्यात कुनाकडं पेट्रोलची गाडी हाय का वो? ...न्हाई. हितं कशी असनार. बरं, माजी तर पार उतरलीय, दुधगावपतोर जाईल एवढं चार्जिंग? तुमच्यात? ...तुमच्यात बी न्हाई? पाव्हनं, तुमी?

...ऱ्हाऊ द्या. आपल्या समद्यांच्या गाडीत काय फॉल्ट न्हाई. निस्ता जीव न्हाई.