टाकीचे चार पाय

"हॅलो? … हो, मीच. … बकुळ, होय? बोल गं. … बसली टाकी? वा. … नाही नाही, मी काय केलं त्यात? बिंदुमाधवांनी विचारलं, मी आकडा सांगितला. पाचशे लिटर म्हणजे पाचशे किलो. संक्रांतीला पतंग उडवायला तुमच्या छतावर याहून जास्त वजनाची माणसं चढतात. एवढंच म्हणालो. … बरोबर असेल बहुतेक."

भाचीच्या नवऱ्याने काल सल्ला विचारल्यापासून विश्वेश्वरमास्तर मनातल्या मनात खूश होते. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, निवृत्त होऊन अकरा झाली, पण घरच्या कुणी त्यांना काही विचारल्याचं आठवत नव्हतं.

"कशावर? … लोखंडी स्टँड? स्टँडचं कुणी बोललं नव्हतं. … माकडं झाकण काढतात म्हणून उंचावर, ते खरं. … अगं ऐक ना, स्टँडचे पाय केवढे आहेत? … नुसते अँगल कापलेत. खाली पट्टी जोडलीय का मिस्त्रीनं? … नाही. … आणि उभा कुठे केलाय? भिंतीवर, की भिंतींमधल्या छताच्या दगडी पटियांवर? … मधोमध."

मास्तर खुर्चीत बसले होते, ते उभे राहिले.

"नाही, काही नाही. … पांढरं काय पडतंय म्हणालीस? … कुणाच्या अंथरुणावर? … सासूबाईंच्या. … चुना असेल, हो. पण याआधी कधी पडायचा का? … मोटर चालू आहे? ती बंद कर. आधी बंद कर, मग बोलू. … मी धरतो."

फोन धरून मास्तर समोरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. त्यांनी वजन सांगितलं होतं. दाबाचं विचारायचं राहून गेलं होतं. एखाद्या मुलाने पेपरात असं उत्तर लिहिलं असतं, तर त्यांनी अर्धे गुण कापले असते.

"केलीस? … कुठवर भरली? … पाऊण. आता खालचे सगळे नळ सोड. … जाऊ दे वाया. वर कुणी जाऊ नका. … चूक माझी आहे, बकुळ. मी वजन सांगितलं, दाब सांगितला नाही. … वजन नि दाब एकच कसे? आमचे बाबा आठवतात तुला? पूर ओसरला की घाटावरच्या गाळात लाकडी चौकी फळी टेकेपर्यंत रोवून संध्येला बसायचे. … हां. चौकीवर बसून काही त्यांचं वजन कमी होत नव्हतं. तेवढंच वजन एवढ्या मोठ्या लाकडावर पसरायचं, म्हणून ते रुतायचे नाहीत. आणि तू एकदा चौकीवरून उडी मारलीस, ती गुडघ्यापर्यंत आत. … चप्पल तिथेच राहिली, हो. … तर तुझ्या टाकीचा एकेक पाय आगपेटीच्या कडेएवढा, आणि त्याच्यावर आत्ता शंभरेक किलो. सगळा भार त्या चार ठिपक्यांतून दगडात उतरतोय."

"खात्री? … खात्री म्हणजे… मी चुकतही असेन, पण… … थांब. आहे खात्री. सासूबाईंना खोलीतून बाहेर काढ. … जप चाललाय. … माळ पुरी झाल्याशिवाय उठत नाहीत. … टाकी रिकामी व्हायला किती वेळ? … दहा मिनिटं. … फोन कुठे आहे तुमचा? … बाहेर, ओसरीवर. आणि तार खोलीत पोचत नाही ना? … मग त्यांना म्हण, विश्वेश्वरांचा फोन आहे, तुमच्याशीच बोलायचं म्हणतात. … हो, मी. … मला ठाऊक आहे मी कधी बोलत नाही. म्हणूनच येतील."

एकोणीस वर्षांपूर्वी, बकुळच्या लग्नात, भरल्या पंगतीत तिच्या सासूबाईंनी, शरदिनीबाईंनी, विचारलं होतं, मास्तर, तुम्ही वर्गात तरी बोलता का? तेव्हापासून दूधविनायक मोहल्ल्यातल्या त्या घरी गेले, तरी मास्तर दारावरूनच परतत.

"नमस्कार, विहीणबाई. … नाही, कुणी गेलं नाही. सगळे बरे आहेत. … माळ अर्धी राहिली, माफ करा. … मुद्दा असा, की तुमच्या डोक्यावर पाणी आहे. … टाकीचं हो. … नाही, आत जाऊ नका. तिथेच बसा, फोनजवळ. … लांबण लावतोय, कबूल. मुद्दाम लावतोय. … कारण मी काल चुकीचं सांगितलं. … हसा. … बरं, मला एक सांगा. तुम्ही नुसत्या टाचांवर उभ्या राहिलात, तर वजन वाढतं का? … नाही वाढत. मग टाच का दुखते?"

वर्गात प्रश्न विचारला की मास्तर मनात दहापर्यंत मोजत. आज पाचावरच उत्तर आलं.

"… हो. अगदी. वजन तेवढंच, टेकलेली जागा थोडी. पुस्तकात याला दोन पानं लागतात. … नाही, टोमणा नाही. … तसंच त्या स्टँडचं… … कसला आवाज? … हॅलो? … विहीणबाई? … बकुळ, तू बोल. … छताचा? केवढा तुकडा? … विटेएवढा. … उशीवर."

मास्तर हळूच खाली बसले.

"कुणाला लागलं नाही ना? … टाकीतलं पाणी कुठवर उतरलं? … तळाशी. बरं. खोलीचं दार ओढून घे. … आभार कसले गं, काल मीच तर… … कुणाला हवाय फोन? … त्यांना?"

"हो, विहीणबाई, ऐकतोय. … परत बसवता येईल, पण आधी चांगल्या मिस्त्रीला पटिया दाखवा. आणि मग भिंतीवर, खाली काहीतरी रुंद घालून. … बाबांची चौकी? बकुळने लग्नात आणलेली? अजून आहे तुमच्याकडे? … नको, चौकीलाही चारच पाय. … पालथी? … पालथी घातली तर… थांबा, मला विचार करू द्या. … तुमचं बरोबर असेल बहुतेक. … नाही, बहुतेक नाही. बरोबर आहे. स्टँडचे पाय चौकीच्या पोटावर येतील आणि चौकीची आख्खी पाठ… हॅलो? … हॅलो?"

लाइन गेली होती. रिसीव्हर ठेवून मास्तरांनी पेन्सिल शोधली, आणि वर्तमानपत्राच्या कडेला बाबांच्या चौकीची लांबी-रुंदी आठवून मांडायला घेतली. पुन्हा फोन आलाच, तर आकडा तयार असावा.