धुतली की जाणारी पावडर

पार्लरच्या बाकावर ती पेंगत होती. शेजारी दोन शिक्षिका बोलत होत्या.

"शाळेचा शंभरावा दिवस, म्हणून बालवर्गातल्या पोरांना शंभर वर्षांचं केलं. केसांना पावडर, हातात काठ्या. जीव नुसता मेटाकुटीला आला."

"कुणाची हौस?"

"माझीच. एकानं मात्र डोक्याला हात लावू दिला नाही."

"का गं?"

"आजी गेलीय त्याची. म्हणाला, केस पांढरे झाले की माणूस जातं."

"अगं बाई!"

"मग माझ्या पिकल्या केसांकडे बघून म्हणतो, बाई, तुमची पावडर धुतली की जाईल ना?"

"काय सांगितलंस?"

"जाईल म्हटलं. उद्या आल्या आल्या माझं डोकंच बघेल तो."

आतून हाक आली, "पुढचं कोण?"

नंबर बाकावर पेंगणारीचाच होता.

"या बाई," पिकल्या केसांच्या शिक्षिकेकडे बोट दाखवत ती म्हणाली.