पेटी उघडली की

…आणि रडत तर मी नव्हतोच. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं मला नीट आठवतंय का याची माझी मलाच खात्री नाही. पेटी हिरवी होती की करडी, मेहुणे आधी आले की मी डॉक्टरकडे आधी गेलो, यात माझा गोंधळ होतो. आमची ही म्हणते, तुमचा सगळ्यातच होतो. असेल. पण तुम्हाला सांगतो, रडत नव्हतो.

झालं असं, की मुलीला दूर नोकरी मिळाली. थंडीचा मुलूख, चांगली जागा, होकार महिनाअखेरपर्यंत कळवायचा. तिने तो कळवायच्या आधीच हिने माळ्यावरची लोकरी कपड्यांची पेटी खाली काढली. आता, पेटी भरणं म्हणजे तुम्ही काय समजता? कपडे घेतले, आत ठेवले, झाकण लावलं? आमच्याकडे तसं नाही. आमच्याकडे रोज जेवणं झाली की पेटी उघडायची, सगळं बाहेर काढायचं, एकेक स्वेटर झटकायचा, ‘हा नेतेस का गं?’ असं विचारायचं, उत्तर यायच्या आत घडी घालायची आणि सगळं परत आत. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. आणि मी शेजारच्या खुर्चीत, कारण पंखा तिथेच.

पेटी उघडली की डोळ्यांना खाज, मग लाली, मग पापण्या सुजून पाणी गालांवरून थेट कॉलरमध्ये. पेटी बंद झाली की थोड्या वेळाने सगळं कोरडं.

मुलगी रोज बघायची. एक दिवस म्हणाली, “बाबा, मी नाही जात.”

“का?”

“तुम्ही रोज रडता.”

“अगं, धूळ आहे.”

“हो, धूळच असते ती,” म्हणाली आणि पाठीवर हात ठेवला. तुम्हाला सांगतो, त्या हाताने मी इतका घाबरलो… म्हणजे बघा, पोरगी माझ्या डोळ्यांपायी हातातली नोकरी सोडतेय, आणि डोळे स्वेटरपायी गळतायत.

त्यातून मी जन्मभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलेलं. दोन गोष्टी एकदम घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही, हे फळ्यावर लिहून लिहून खांदा कामातून गेला. आणि घरात काय? पेटी उघडली, बाप रडला. पेटी मिटली, बाप थांबला. इतका सरळ संबंध मला कुठल्या वर्गात दाखवता आला नसता. शेवटी मलाच शंका यायला लागली. रडत असेन का मी? माणसाला स्वतःचं नेहमी कळतं का?

तेवढ्यात मेहुणे, म्हणजे हिचा थोरला भाऊ, माझं सांत्वन करायला आले. “भाऊजी, मोकळे व्हा. मन मारू नका.”

“मोकळाच आहे. डोळे खाजतायत.”

“खाजणारच. आतून असतं ते.”

नव्हतो हो रडत. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. मुलीच्याच वयाची. तिने पापणी उलटी करून पाहिली. “काका, चोळता का?”

“थोडंसं.”

“थोडंसं चोळलेले डोळे असे दिसत नाहीत. ॲलर्जी आहे ही. दोन्ही डोळे खाजतात, पाणी पातळ आहे, पू नाही, दुखत नाही, नजर साफ आहे. जुन्या लोकरीची धूळ आणि त्यातले डोळ्यांना न दिसणारे किडे. चोळलं की खाज वाढते, म्हणून तुम्ही आणखी चोळता. गार पाण्याची पट्टी ठेवा, हे थेंब घाला, उशीचे अभ्रे गरम पाण्यातून काढा, दुकानातून मनाने दुसरे थेंब आणू नका. आणि मुख्य म्हणजे, त्या पेटीपासून लांब बसा.”

“तसं लिहून द्याल?”

“औषध लिहून दिलंय की.”

“ते नाही. रडत नाही, असं.”

तिने पेन खाली ठेवलं. “काका, घरी सगळं ठीक आहे ना?”

लांब बसलो. तर मुलगी हळूच आईला म्हणते, “बघ, आता त्यांना पेटीसमोर बसवतसुद्धा नाही.”

मग प्रयोग करणं आलं. मुलीचा शाळेतला पोहण्याचा चष्मा सापडला, रबरी, डोळ्यांना करकचून बसणारा. मुलीला साक्षीला बसवलं आणि तो लावून पेटीसमोर बसलो. ही स्वेटर झटकत राहिली, डोळे कोरडे. काढला, पाणी. पुन्हा लावला, कोरडे. पण उलट बाजूही तपासायला हवी ना? म्हणून पेटी बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवली, चष्मा काढला आणि हिला म्हटलं, तू नुसतं मन हेलावेल असं बोल. बोलली. छान बोलली. ‘घर खायला उठेल हो, दारात तिच्या चपला दिसणार नाहीत, हाक मारायला तोंड उघडेल आणि…’ बोलता बोलता स्वतःच पदराने डोळे पुसायला लागली. मी ठणठणीत कोरडा.

“बघितलंत?” मी म्हटलं.

“बघितलं,” ही म्हणाली. “पोटची पोर चाललीय आणि या माणसाला काही वाटत नाही.”

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “पटलं, बाबा.” आणि होकार कळवला.

ती निघाली त्या दिवशी, विमानतळाच्या दारापाशी, तिचे डोळे लाल. विचारलं तर म्हणते, “तुमचीच ॲलर्जी, बाबा. आनुवंशिक.” आणि मला पटलं ते. का पटू नये? असतं ते घराण्यात. दोघांनी एक बाटली वापरू नये, म्हणून धावत जाऊन तेच थेंब नवे आणले. चोळू नकोस, गार पट्टी ठेव, बाटलीचं टोक पापणीला लावू नकोस, उघडलेली बाटली फार दिवस ठेवू नकोस… सांगता सांगता तिची वेळ झाली. ती मान डोलावत आत गेली. आणखी काही बोलायचं होतं का, आठवत नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी तिकडे तिच्या अंगावर पुरळ उठलं, म्हणून डॉक्टरांनी हातावर टोचून टोचून तपासलं. लोकर, परागकण, मांजर, बुरशी, सगळं. मी फोनवर विचारलं, काय निघालं? म्हणाली, काही नाही. मी म्हटलं, नीट वाच. तिने पुन्हा वाचलं, पहिल्या ओळीपासून.

कशाचीच ॲलर्जी नाही तिला. धुळीचीसुद्धा नाही.